वकिलामार्फत

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याने वकिलाचा वरचा ओठ उचलला आणि मला त्याची हिरडी दिसली. हिरड्या हा माझा धंदा आहे. ज्यांचे दात गेले त्यांच्यासाठी मी कवळ्या बनवतो, आणि दात बसवण्यापेक्षा हिरडीचा रंग जुळवण्यातच माझा जीव जास्त जातो. सिगारेट ओढणाऱ्याची काळपट, म्हाताऱ्या बाईची फिकी, नुकताच दात काढलेल्याची लालबुंद, सगळ्या मला बघताक्षणी ओळखू येतात. ही माझ्या ओळखीची नव्हती. ही पिवळी होती, जुन्या वर्तमानपत्राची कड पडते तशी. वकील म्हणजे आमचा कुत्रा. एरवी परक्या माणसाने शेपटीला हात लावला तर घर डोक्यावर घेणारा हा प्राणी आज स्टीलच्या टेबलावर आडवा पडून एका अनोळखी बाईला तोंडात बोटं घालू देत होता. मला त्याचाही राग आला. सकाळपासून मला सगळ्यांचाच राग येत होता. त्यात हा एक वाढला.

‘उलट्या कधीपासून?’ बाईंनी विचारलं.

‘ठाऊक नाही.’

‘आधी पाणी फार पीत होता का? सारखी सू?’

‘ते मला कसं ठाऊक असणार?’

त्यांनी मान वर केली. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील, पण बघणं शाळेतल्या मोठ्या बाईंचं. ‘कुत्रा तुमचाच ना?’

‘अर्धा,’ मी म्हणालो. मांजराची टोपली मांडीवर घेऊन दाराशी बसलेली एक बाई फिसकन हसली. मी विनोद केला नव्हता.

घराचे दोन भाग झाले तेव्हा सगळ्याची वाटणी झाली. कपाटं, भांडी, वडिलांची आरामखुर्ची, सगळ्याची. मधोमध भिंत घातली गेली, फक्त मागच्या बाजूला एक बोळ तेवढा सामाईक राहिला, कारण त्यातून मोरी जाते आणि मोरीची वाटणी कशी करायची हे कुणालाच सुचेना. कुत्र्याचंही तसंच झालं. वडिलांनी शेवटल्या वर्षी ते पिल्लू आणून ठेवलं आणि स्वतः निघून गेले. तेव्हा ठरलं की एक महिना दादाचा, एक महिना आमचा. ज्याचा महिना त्याने खायला घालायचं, अंघोळ घालायची, दवाखाना बघायचा. ठरलं म्हणजे बायकांनी ठरवलं. आम्ही भाऊ तोवर बोलायचे थांबलो होतो. भिंतीचं काम चालू असताना, गवंड्याच्या देखत, दादा मला म्हणाला होता, ‘तुला काय कळणार या घराचं, तू पाहुण्यासारखा येऊन जाऊन होतास.’ गवंडी हातातली थापी तशीच धरून आमच्याकडे बघत राहिला. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं माझं मन त्या वाक्याकडे जातं, आणि खरं सांगायचं तर मला तिथे जायला आवडतंही.

पण एका छपराखाली राहायचं म्हणजे बोलल्याशिवाय भागत नाही. पाणी आलं, नळ वाहतोय, मोरी तुंबली, हे सांगायचं कसं? बायका आपापल्या कामावर गेलेल्या असल्या की बोळात आम्ही दोघंच, आणि मध्ये कुत्रा. पहिल्यांदा दादानेच सुरुवात केली. कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून, माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो म्हणाला, ‘त्याला सांग बाबा, नळ बंद करून जात जा.’ मी खाली वाकलो आणि कुत्र्याच्या दुसऱ्या कानाशी म्हणालो, ‘त्यांना म्हणावं, वॉशर गेलाय, बदलायचा महिना त्यांचा आहे.’ कुत्रा आलटून पालटून दोघांकडे बघत बसला. त्याच संध्याकाळी माझ्या बायकोने त्याचं नाव वकील ठेवलं. त्याआधी त्याला दुसरं काहीतरी नाव होतं, ते आता कुणाला आठवतसुद्धा नाही. तेव्हापासून या घरात आमचं जे काही बोलणं झालं ते वकिलामार्फत झालं, आणि मला वाटतं, त्याच्यासारखा वकील दोन्ही पक्षांना मिळाला नसता. त्याने कधी एक शब्द वाढवला नाही की गाळला नाही.

डॉक्टरीणबाई त्याच्या पोटाखालून हात फिरवत होत्या. कमरेपाशी, मूत्रपिंडाच्या जागी दाबलं तसा तो कण्हला. ‘रक्त पाठवते तपासायला,’ त्या म्हणाल्या, ‘पण मला लेप्टोची शंका आहे. लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतातून येतो. उंदीर साचलेल्या पाण्यात मुतले, ते पाणी कुत्र्याने प्यायलं, नाहीतर पायाला खरचटलेलं असताना त्यात फिरला, की जंतू आत. मग लिव्हर, किडनी. घराजवळ पाणी साचतं कुठे?’

साचतं. बोळात. मोरीच्या जाळीशी, बरोबर मधोमध, जिथे आमची हद्द संपते आणि दादाची सुरू होते. जाळी कुणी उचलून साफ करायची यावर वकिलामार्फत आमचं पुष्कळ बोलणं झालं आहे. ‘त्यांच्याकडचा गाळ आहे म्हणावं.’ ‘उतार त्याच्या बाजूला आहे, त्याला दिसत नाही का?’ शेवटी दोघांनीही आपापल्या बाजूची फरशी तेवढी घासायची आणि मधलं पाणी तसंच ठेवायचं, असं न ठरवता ठरलं. पाण्याच्या काठाने संध्याकाळी उंदीर जातात, मोठाले, सावकाश, घरचे असल्यासारखे. आणि वकील, वाटी भरलेली असली तरी, तेच पाणी लपालपा प्यायचा. माझी वाटी आमच्या दाराशी, दादाची त्याच्या दाराशी. मधलं पाणी कुणाचंच नव्हतं, म्हणून ते वकिलाचं.

‘थोडंफार साचतं,’ मी म्हणालो.

‘लस दिली होती?’

‘दिली होती,’ मी लगेच म्हणालो, कारण याचं उत्तर मला येत होतं. ‘मी स्वतः दिली. आमच्या महिन्यात. इथे नाही, पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात.’

‘दुसरा डोस?’

मी वकिलाच्या पट्ट्याची कडी उगीच सरळ केली.

‘लेप्टोचे पहिल्यांदा दोन डोस लागतात. दोन-चार आठवड्यांच्या अंतराने. मग दरवर्षी एक. नुसत्या पहिल्याचा काही भरवसा नाही. तसा लशीने प्रत्येक प्रकार अडतो असंही नाही, पण दुसरा घेतला असता तर बराच आडोसा झाला असता. सांगितलं नव्हतं त्यांनी?’

‘सांगितलं होतं. दुसरा पुढच्या महिन्यात आला. तो महिना दादाचा, म्हणजे माझ्या भावाचा. मी निरोप दिला होता.’

‘कुणाला?’

खिडकीत पंखा होता आणि त्याची एक पात वाकडी होती, त्यामुळे तो दर फेऱ्याला खट् असा वाजत होता. तो वाजला, परत वाजला. मला तो दिवस स्पष्ट दिसत होता. मी कामावर निघालो होतो, दादाचं दार अर्धवट उघडं होतं, आत रेडिओ लागलेला होता, दुकानातून घरी आणलेल्या काचा कापायचं त्याचं करकर चाललं होतं. मी बोळात वाकून वकिलाला म्हणालो होतो, त्यांना म्हणावं दुसरी सुई त्यांच्या महिन्यात आहे, विसरू नका. वकिलाने शेपटी हलवली होती. आतून उत्तर आलं नव्हतं. उत्तर न येणं हेही आमच्यात उत्तरच असतं, म्हणून मी निघून गेलो होतो. माझ्या बाजूने काम पुरं झालं होतं.

‘कुत्र्याला,’ मी म्हणालो.

या वेळी टोपलीवाली बाई हसली नाही. डॉक्टरीणबाईंनी वकिलाच्या पुढच्या पायावरचे केस मशीनने काढले, सुई घातली, नळी जोडली आणि बाटली खिळ्याला टांगली. मी वाट बघत होतो की त्या काहीतरी लागेलसं बोलतील, म्हणजे मलाही तोंड उघडता येईल. मी म्हणणार होतो की तुम्हाला नाही कळायचं, तुम्हाला असा भाऊ नाही. मी सांगणार होतो की हा माणूस काल संध्याकाळपर्यंत आजारी कुत्रा उराशी घेऊन बसला, आणि आज महिना बदलला तशी सकाळी बोळाचं दार ढकलून म्हणाला, ‘जा बाबा, आजपासून त्यांचा महिना.’ एवढंच. वकील भिंतीला धरून चालल्यासारखा माझ्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच बसला, पिवळं ओकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मरायला टेकलेलं जनावर दुसऱ्याच्या पदरात टाकायचं, तेही हिशेबाने, पहिल्या तारखेला. मी दार पूर्ण उघडून बघितलं तर दादा त्याच्या दारात बसला होता, चौकटीला टेकून, अनवाणी, आणि माझ्याकडे बघत होता. डोळे लालभडक. असा डोळे वटारून तो मी लहान असताना बघायचा, माझ्या हातून काही फुटलं की. मी कुत्र्याला उचललं आणि त्याच्यासमोर दार आपटलं.

‘ऐका,’ बाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढून डब्यात टाकले आणि बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले. ‘हा माणसांना होतो. याच्या लघवीतून. घरात सू कोण पुसत होतं?’

‘काल तो भावाकडे होता.’

‘हातमोजे घालून पुसलं का त्यांनी?’

मला हसूच आलं. दादा आणि हातमोजे. काचेचं काम करतो, फोटोंना चौकटी बसवतो, बोटांना सदानकदा चिरा असतात. त्यावर चिंधी गुंडाळून काम चालू. आई ओरडायची, जाड मोजे घाल म्हणून, तर म्हणायचा काच हाताला कळली पाहिजे. अंगणात, बोळात, मोरीत, सगळीकडे अनवाणी. टाचांना भेगा अशा की त्यात नाणं उभं राहील.

‘ज्याने पुसलं त्याला ताप, अंगदुखी, विशेष करून पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काही असेल तर थांबायचं नाही. आज डॉक्टरकडे. आणि डॉक्टरला सांगायचं की घरातल्या कुत्र्याला लेप्टोची शंका आहे, नाहीतर साधा ताप म्हणून गोळ्या देऊन परत पाठवतील. लवकर औषध मिळालं तर बरं होतं माणूस. उशीर झाला की याच्यासारखं.’ त्यांनी वकिलाकडे हनुवटी केली. ‘तुम्हीही त्याला उचलून आणलंय. शर्ट गरम पाण्यात टाका, अंग धुवा, आणि तुमच्या डॉक्टरला विचारून घ्या. घरी त्याची जागा ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायची. मोजे, चपला घालून. ते साचलेलं पाणी पहिलं काढायचं. ऐकताय ना?’

मी ऐकत होतो, पण एकाच शब्दापाशी अडकून. डोळे. लाल होणं म्हणजे कसं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘रडल्यासारखे. पण पाणी नाही, घाण नाही. नुसते लाल.’ मग त्यांनी वकिलाच्या गळ्यातला पट्टा सोडवून माझ्या हातात दिला. नळी अडकायला नको म्हणून. ‘आज इथेच राहील. लघवी सुरू राहिली तर आशा आहे. उद्या कळेल.’ मी त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं मला वाटलं, पण हात पुढे केला तशा बाई म्हणाल्या, ‘मोजा घाला.’ म्हणून मी मोजा घातला. रबरातून त्याचं डोकं कुणाचंही असावं तसं लागलं.

रस्त्यावर ऊन होतं आणि माणसं जेवून कामाला परतत होती. फोन वाजला. बायको होती, ती दुपारच्या पाळीला निघाली होती. ‘काय म्हणाले?’ मी सांगितलं, कुत्र्याचं तेवढं. ती म्हणाली, ‘बसमधून बघितलं, मोठ्या भाऊजींच्या दुकानाचं शटर खाली आहे. वहिनी लेकीकडे गेल्यात. बरं नाही का त्यांना?’

‘मला काय विचारतेस? तोंड फुगवून बसला असेल.’

‘दुकान बंद ठेवून? त्यांनी?’

‘तुला एवढा पुळका आहे तर तू कर फोन.’

‘केला. उचलत नाहीत,’ ती म्हणाली. ‘तू बघ जरा. भांडण उद्या पुढे चालू करा.’

मी फोन ठेवला आणि चालत राहिलो, मुद्दाम सावकाश. मला घाई करायची नव्हती. घाई केली असती तर काहीतरी कबूल केल्यासारखं झालं असतं. मनातल्या मनात मी त्याच्याशी भांडत होतो, आणि भांडण नेहमीसारखं रंगत नव्हतं. मी म्हणायचो, कुत्रा माझ्या अंगावर टाकलास. आणि दादाच्या जागी दादा बोलायच्या ऐवजी मला मागल्या आठवड्यातल्या सकाळी दिसायच्या. रोज सकाळी त्याच्या बाजूने बादलीभर पाणी सपकन यायचं, बोळाच्या फरशीवरून थेट माझ्या उंबऱ्यापर्यंत. रोज. माझा सॉक्स भिजला होता एकदा. वकील तेव्हा त्याच्याकडे होता, त्यामुळे निरोप पाठवायचीही सोय नव्हती. मी आतल्या आत दातओठ खात बसलो होतो. मुद्दाम करतोय, माझ्या दारात घाण ढकलतोय, याची जातच तसली, म्हणजे आमची. आता कळत होतं की कुत्रा रात्रभर जागच्या जागी मुतत होता आणि हा पहाटे उठून त्याची जागा धुत होता. अनवाणी, चिरलेल्या बोटांनी. पोतेरं पिळून. पोतेरं पिळल्याचा आवाज मी ऐकलाही होता, पांघरुणात पडल्या पडल्या, आणि त्याला शिव्या घातल्या होत्या. हे कळून मला त्याची दया आली असं नाही. उलट चीड आली. एवढं करत होतास तर सांगायचं होतंस. कुणाला सांगणार होता म्हणा. निरोप्याच आजारी.

आणि ते डोळे. वटारलेले नव्हतेच ते. वटारायला माणसाला जोर लागतो. तो दारात बसला होता, उभा नव्हता, ही गोष्ट तेव्हा मला दिसली होती आणि कळली नव्हती. दादा कधी दारात बसत नाही. वडील गेले त्या दिवशीही तो सगळा वेळ उभा होता, कुणी खुर्ची दिली तरी. हिरडीतला केसाएवढा फरक मला दिसतो, त्यासाठी लोक लांबून माझ्याकडे येतात, आणि हातभर अंतरावरचा माणूस उठू शकत नाही हे मला दिसलं नाही. मी दार आपटण्याच्या नादात होतो. बाई म्हणाल्या होत्या, आज. थांबायचं नाही. कोपऱ्यावरून पुढे मी पळायला लागलो नाही, पण पावलं आपोआप भराभर पडायला लागली आणि हातातल्या पट्ट्याची कडी वाजायला लागली.

बोळ नेहमीसारखाच होता. मधलं पाणी स्वस्थ पडलं होतं, वरून निळसर साय धरलेलं. उंबऱ्यावरचं पिवळं वाळून गेलं होतं. दादाचं दार सकाळी होतं तेवढंच उघडं होतं. फटीतून खाटेचा कोपरा दिसत होता आणि त्यावरून बाहेर आलेली त्याची पावलं, भेगाळलेल्या टाचा माझ्याकडे करून. हलत नव्हती. मी पाण्याच्या अलीकडे उभा राहिलो. हाक मारायची म्हणून तोंड उघडलं. इतक्या वर्षांत त्याला उद्देशून म्हणून मी एक शब्द उच्चारलेला नव्हता, आणि आता तो शब्द कुठून सुरू करायचा हेच आठवेना. दादा म्हणायचं? ते म्हणजे हरणं. अहो म्हणायचं? ते माणूस परक्याला म्हणतो. गवंड्याच्या देखत बोललेलं ते वाक्य माझ्या नि दाराच्या मध्ये येऊन उभं राहिलं, आणि मी त्याला बाजूला हो म्हणेना. पावलं तशीच होती. मला वाटलं, झालं. मग माझा मीच खाली वाकलो, नेहमी वाकतो तसा. पट्टा हातात होता. तो फरशीवर, वकील बसायचा त्या जागी धरला, आणि पट्ट्याकडे बघत मोठ्याने म्हणालो, ‘वकिला, त्यांना विचार, पोटऱ्या दुखतात का.’

मोरीत थेंब पडला.

‘ताप आहे का विचार.’

खाट करकरली. आतून आवाज आला, खरखरीत, दादाचा न वाटणारा. ‘त्याला सांग, परवापासून आहे. पाय टेकवत नाही. सकाळी दारापर्यंत आलो तो परत जाताना भिंत धरून गेलो.’ मग थांबून, धाप टाकून, ‘त्याला विचार, मेला का तो.’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘सुई लावलीय. उद्या कळेल.’

‘त्याला सांग, माझ्याच्याने उचलवेना. म्हणून पाठवलं. महिना-बिहिना नव्हतं मनात. तोंडातून आपलं तेच निघालं.’

मी पट्टा धरून उकिडवा बसलो होतो. गुडघे दुखायला लागले होते. एवढं मोठं वाक्य त्याने वकिलालाही कधी सांगितलं नव्हतं. मला त्याला विचारायचं होतं की दुसऱ्या सुईचा निरोप पोचला होता का, रेडिओ बंद करून ऐकलं होतंस का. ते विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमचं चाललं असतं, आणि चूक त्याचीच निघाली असती, मी काढली असती. रस्त्याच्या बाजूने एक रिक्षा आवाज करत थांबली, कुणाला तरी सोडायला. ती लगेच परत जाणार होती. मी तिला थांब म्हणून ओरडलो. मग पट्टा खिशात कोंबला, पाण्यातून न जाता कडेकडेने, भिंतीला पाठ घासत त्याच्या दारापर्यंत गेलो आणि दार पूर्ण उघडलं. तो कुशीवर होता. डोळ्यांचं पांढरं पिवळट झालं होतं आणि त्यावर लाल शिरांचं जाळं होतं, आणि त्या डोळ्यांनी तो माझ्याकडे न बघता माझ्या पायांपाशी बघत होता, जिथे कुत्रा असायला हवा होता.

‘ऊठ,’ मी म्हणालो. ‘रिक्षा उभी आहे.’

त्याने फरशीवरची रिकामी जागा निरखली. मग पहिल्यांदाच मान वर केली.

‘कुणाला म्हणतोस?’

‘तुला,’ मी म्हणालो. ‘आणि आधी पायात चपला घाल.’